बावन्न बाटल्या

प्रबंधाच्या अर्जात 'संशोधनाचे ठिकाण' अशी एक ओळ होती. मी तिथं मालाडची, मार्वे रस्त्यावरची आमची वाडी आणि तिला लागून असलेल्या दोन चाळी असं लिहिलं. माझे मार्गदर्शक डॉ. श्यामकांत कोठारे यांनी ते वाचून विचारलं, "हीच वाडी का?"

"माझी मावशी राहते तिथं, सर. माझा जन्म तिथला आहे. बायका मला ओळखतात."

"म्हणजे गोळ्या घेतील," ते म्हणाले आणि त्यांनी सही केली.

हे १९७१च्या ऑगस्टमधलं. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. इस्पितळाच्या पॅथॉलॉजी विभागात आठ वर्षं तपासणीच्या टेबलावर, लघवीच्या आणि थुंकीच्या बाटल्यांपाशी काम करत होते. एम.एस्सी.साठी नोंदणी करून चार वर्षं झाली होती. पहिला विषय रसायनं वेळेवर न आल्यानं सोडावा लागला होता. नोंदणी एकदा वाढवून घेतली होती, दुसऱ्यांदा वाढत नव्हती. प्रबंध ३१ मार्च १९७२ला द्यायचा होता. त्यानंतर दोन महिन्यांनी सर निवृत्त होणार होते आणि आमच्या विभागात दुसरा मान्यताप्राप्त मार्गदर्शक नव्हता. पदवी मिळाली तर मी संशोधनाच्या खोलीत जाणार होते. नाही मिळाली तर टेबल होतंच.

विषय साधा होता. रक्त कमी असलेल्या बायकांना लोहाच्या लहान गोळ्या बारा आठवडे रोज दोन दिल्या, तर हिमोग्लोबिन किती वाढतं? मोठ्या गोळीनं मळमळतं, म्हणून बायका ती टाकून देतात. लहान गोळीनं काम भागत असेल तर उपनगरांतल्या प्रसूतिगृहांत तीच द्यावी, असा एका समितीचा विचार होता, आणि समिती आमच्या आकड्यांसाठी थांबली होती.

बावन्न बायका घेतल्या. निम्म्यांना लोहाची गोळी, निम्म्यांना रिकामी. रिकामी म्हणजे दुधाच्या साखरेची, वरून तेच तपकिरी आवरण असलेली. सर तिला डमी म्हणत. कुठल्या क्रमांकाला कोणती गोळी हे औषध भरणाऱ्या माणसाला आणि सरांनाच ठाऊक होतं. तो कागद सरांच्या कपाटात लाखेनं बंद केलेल्या पाकिटात होता. मला ठाऊक असायचं नव्हतं, कारण हिमोग्लोबिन मी मोजणार होते, आणि ती मोजणी डोळ्यांनी करायची असते. बोटाला टोचून थेंबभर रक्त नळीत घ्यायचं, आम्लात मिसळायचं, दहा मिनिटं थांबायचं, मग थेंब थेंब पाणी घालत त्याचा तपकिरी रंग शेजारच्या काचेच्या रंगाशी जुळवायचा. जुळला की थांबायचं. थोडी आशा मनात असली की हातून एक थेंब जास्त पडतो.

"बायकांना काय सांगू?" मी सरांना विचारलं होतं.

"रक्त वाढायच्या गोळ्या आहेत म्हणून सांग. निम्म्या रिकाम्या आहेत म्हणालीस तर एकही घेणार नाही."

मी तसंच सांगितलं.

माझी मावशी कॉन्सेप्टा विधवा होती. वाडीतल्या क्रुसाच्या देवळीची किल्ली तिच्याकडे असे, आणि वाडीतली भांडणंही तिच्याकडे येत. आमचं घर मी दहा वर्षांची असताना अंधेरीला गेलं, मावशी राहिली. दर दुसऱ्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाल्यावर मी तिच्या ओट्यावर बसायची. बावन्न छोट्या बाटल्या, प्रत्येकीवर क्रमांक, प्रत्येकीत अठ्ठावीस गोळ्या. मी यायची त्याच्या आदल्या दिवशी बायका जुन्या बाटल्या मावशीकडे आणून ठेवत. मी उरलेल्या गोळ्या मोजायची, नव्या बाटल्या मावशीच्या काचेच्या कपाटात लावून जायची, आणि मग सवडीनं बायका येऊन आपापली बाटली नेत.

"उरल्या किती?" सर सोमवारी विचारत.

"एकही नाही."

"बावन्नातून?"

"सगळ्या बाटल्या रिकाम्या आल्या, सर."

"मी पस्तीस वर्षांत असं पाहिलं नाही," ते म्हणाले. मला त्या रिकाम्या बाटल्यांचा अभिमान वाटला. तो मी अजून विसरलेले नाही.

ओट्यावर मी प्रत्येकीला ठरलेले पाच प्रश्न विचारायची. मळमळ होते का, पोट दुखतं का, शौचाला खडा होतो का, शौचाचा रंग काळा होतो का, चक्कर येते का. चौथ्या प्रश्नाला तेरेसा हमखास हसायची. तेरेसा मावशीच्या शेजारची, चार पोरांची आई.

"तू एवढी शिकलीस गो रोझमेरी, नि हेच इचारतंस?"

"हेच शिकले."

"मंग लिही. कोळसा. चूल पेटल त्याच्यावर."

शेजारी शेवंती बसलेली असायची. ती चाळीतली, सावंतवाडीकडची. नवरा गिरणीत होता. बावन्न जणींत तिचं रक्त सर्वांत कमी होतं, सात पूर्णांक दोन. डोळ्यांची खालची पापणी ओढली तर आतून कागदासारखी पांढरी. "माका विचारू नको गे बाय," ती म्हणायची, "माका लाज वाटता." पण उत्तर द्यायची.

शेवटची मोजणी १२ डिसेंबरला झाली. लढाई चालू होती, मावशीच्या खिडक्यांना काळे कागद लावलेले होते, म्हणून मी टेबल बाहेर फणसाखाली मांडलं. रंग जुळवायला उजेड उत्तरेचा लागतो आणि तिथं तो चांगला होता. सकाळी सातपासून दुपारी चारपर्यंत बावन्न बोटं टोचली. शेवंतीचं आठ पूर्णांक सहा निघालं. मी तो आकडा लिहिताना हात सावकाश चालवला, आपल्याला आनंद झाला आहे हे चेहऱ्यावर दिसू नये म्हणून. ती कुठल्या गटात आहे हे मला ठाऊक नव्हतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरांनी पाकीट फोडलं. मी दोन्ही गट वेगळे केले, सरासऱ्या काढल्या. लोहाचा गट ८.९ वरून १०.०. रिकाम्या गोळ्यांचा गट ९.० वरून १०.०. मी बेरजा पुन्हा केल्या, मग तिसऱ्यांदा खालून वर केल्या. फरक पडला नाही.

सरांनी कागद बराच वेळ पाहिला.

"दोन्ही वाढले," ते म्हणाले. "होतं असं. कोणीतरी लक्ष देतंय म्हटल्यावर बायका बऱ्या जेवतात. लहान गोळीचा उपयोग नाही, एवढाच याचा अर्थ. नकार हाही निष्कर्ष असतो. लिहून काढ. मार्चच्या आत सहज होईल."

"समितीला?"

"तेच कळवू. लहान गोळीचा विचार सोडा म्हणून."

मी लिहायला घेतलं. पहिली तीन प्रकरणं झाली. चौथ्यात गोळ्यांच्या दुष्परिणामांचा तक्ता द्यायचा होता, म्हणून ओट्यावरची वही काढली. पाकीट फुटलेलं असल्यामुळे आता प्रत्येक क्रमांकापुढे मी गट लिहू शकत होते.

पहिल्या पंधरवड्यात शौचाचा रंग काळा सांगणाऱ्या पंचवीस. पंचवीसही लोहाच्या गटातल्या. रिकाम्या गटातली एकही नाही. हे अगदी बरोबर होतं. लोहानं रंग काळा होतो, साखरेनं होत नाही.

दुसऱ्या पंधरवड्यात पन्नास.

तिसऱ्यात एकावन्न. चौथ्यात पन्नास. शेवटपर्यंत जवळपास तसंच.

अक्षर माझंच होतं. दर दुसऱ्या रविवारी हे मी स्वतः लिहिलं होतं आणि प्रत्येक वेळी नवीन पान घेतल्यामुळे दोन पानं कधी शेजारी ठेवून पाहिली नव्हती. मी वही मिटली, टेबलावरच्या नमुन्यांची त्या दिवशीची कामं पूर्ण केली आणि रविवारची वाट पाहिली.

मावशी अंगणात मासळी साफ करत होती. "आज कशी आयलीस? गोळ्या तर संपल्या."

"मावशी, त्या बाटल्यांतल्या गोळ्या बायकांनी अदलाबदल केल्या का?"

"अदलाबदल कशाला? मी वाटल्या."

"म्हणजे?"

तिनं कोयता बाजूला ठेवला, हात धुतले आणि मला आत नेलं. कपाटाच्या खालच्या खणात मसाल्याची जुनी चिनीमातीची बरणी होती. "यात घातल्या सगळ्या. हलवल्या बरोब्बर. मंग ज्याच्या त्याच्या बाटलीत अठ्ठावीस अठ्ठावीस. मोजून. तू मोजतंस तशा."

"का पण?"

"अगो, तुला कसं सांगावं ते कळेना." ती पाटावर बसली. "पहिल्या खेपेलाच तेरेसा संडासाच्या रांगेत उभी राहून सगळ्यांना सांगत सुटली, माजा कोळसा झाला म्हणून. शेवंती बोलली, माका तर काय नाय. मंग ही बोलली माजापण काळा, ती बोलली माजा नाय. मी सगळ्यांना बसवून इचारला. अर्ध्या काळ्या, अर्ध्या तशाच. मी तवाच वळखलं. अर्ध्या गोळ्या खोट्या."

मी तिच्यासमोर जमिनीवर बसले.

"तुला कोणीतरी फसवलंय, बाय. औषधात काय कमी भेसळ होते? तुझ्या सरांना सांगितलं असतं तर त्यांनी तुलाच धरलं असतं, पोरीनं बघून घेतला नाय म्हणून. तुझी परीक्षा. मी सगळ्यांना बजावलं, रोझमेरीला कोणी बोलायचा नाय."

"आणि मिसळल्या."

"मंग काय करायचं? मिलोचं साल आठवतं ना? कोणाच्या रेशनात तो मिलो, लाल जोंधळा, कोणाच्या बरा गहू. एका घरानं लाल खावा नि एकानं गहू, असं झालं का आपल्या वाडीत? सगळ्यांचं एकत्र केलं, हलवलं, मापानं वाटलं. तुझ्या आईनं पण आणून ओतलं होतं, अंधेरीवरना." तिनं ओले हात पदराला पुसले. "शेवंतीच्या नशिबात सगळ्या खोट्या आल्या होत्या, गो. तिचं तोंड बघितलंस ना तू?"

शेवंतीचा क्रमांक एकोणीस. मी गट पाहिला होता. मावशी बरोबर होती.

"मावशी, त्या कोणी भेसळ केलेल्या नव्हत्या. तशाच द्यायच्या होत्या. अर्ध्या खऱ्या, अर्ध्या रिकाम्या. दोन्हींत फरक किती पडतो ते बघायचं होतं."

तिला समजायला वेळ लागला नाही. ती हुशार बाई होती.

"म्हणजे तुला ठावं होतं?"

"अर्ध्या रिकाम्या आहेत हे होतं. कोणाला कुठल्या ते नव्हतं."

"नि तू ओट्यावर बसून सांगत होतीस, रक्त वाढायच्या गोळ्या."

"हो."

"शेवंतीला पण."

"हो, मावशी."

ती उठली. मला वाटलं आता बोलेल. तिनं स्टोव्ह पेटवला आणि कॉफी ठेवली. कपबशी माझ्यापुढे ठेवताना एवढंच म्हणाली, "इस्पितळात हे असंच करतात?"

"असंच करावं लागतं."

"आपल्या माणसांना पण?"

कॉफी मी प्यायले. बरणीत कोणाच्या वाट्याला किती खऱ्या गेल्या, हे आठवतं का असं मी तिला विचारलं. विचारतानाच ते निरर्थक आहे हे मला कळत होतं. ती म्हणाली, "हलवल्यावर कसं कळणार? कळू नये म्हणून तर हलवल्या."

पुढचे बारा दिवस मी वहीतून काही निघतं का ते पाहिलं. पहिला पंधरवडा शुद्ध होता. पण त्या पंधरवड्याच्या शेवटी हिमोग्लोबिन मोजलेलंच नव्हतं. मूळ आराखड्यात दर पंधरा दिवसांनी मोजणी होती. बायकांची बोटं सारखी टोचायला नकोत म्हणून मीच ती खोडून फक्त पहिली आणि शेवटची ठेवली होती. मग सर्व बावन्न जणींना मिळून निम्मी मात्रा गेली असं धरून पाहिलं. सगळ्यांचं रक्त वाढलं होतं. पण ते गोळ्यांनी वाढलं, की सरांनी म्हटल्याप्रमाणे बऱ्या जेवणानं, की पावसाळा संपून जुलाब थांबल्यानं, हे सांगायला तुलनेला कोणी उरलं नव्हतं. तुलनेसाठी ठेवलेल्या सव्वीस जणींनाही लोह मिळालं होतं. नव्यानं सुरुवात करायची तर बारा आठवडे लागत होते आणि मार्चअखेरीला आठ उरले होते.

फेब्रुवारीच्या पहिल्या सोमवारी मी वही घेऊन सरांच्या खोलीत गेले. दोन पानं शेजारी ठेवली आणि बरणीची हकीकत सांगितली. त्यांनी मधे थांबवलं नाही. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"रेशनसारख्या वाटल्या," ते म्हणाले.

"हो, सर."

"हे तू मला सांगायला नको होतंस."

मी उभीच होते. त्यांनी बस म्हटलं नाही, तेही मुद्दाम नव्हतं.

"हे बघ, रोझमेरी. तुझे आकडे खोटे नाहीत. तू मोजलंस ते मोजलंस. दुष्परिणामांचा तक्ता प्रबंधात असलाच पाहिजे असं नाही. परीक्षक कलकत्त्याचे आहेत. ते वही मागणार नाहीत."

"आणि समिती, सर?"

त्यांनी चष्मा उचलून परत डोळ्यांवर चढवला.

"लहान गोळीचा उपयोग नाही, असं कळवायचं?" मी विचारलं. "तो आहे की नाही हे आपल्याला ठाऊकच नाही."

"मी मेमध्ये जातोय," ते म्हणाले. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता. "नंतर तुला इथं कोणी घेणार नाही. नोंदणी गेली की गेली. तुला हे ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे."

"मग निर्णय तुझा. तू प्रबंध दिलास तर मी सही करीन. नाही दिलास तर समितीला मी कळवीन की काम पूर्ण झालं नाही. ते कोणासाठी थांबायचे नाहीत, हेही तुला सांगून ठेवतो. मोठी गोळी चालू राहील आणि बायका ती टाकत राहतील."

म्हणजे एका बाजूला खोटं होतं आणि दुसऱ्या बाजूला काहीच नव्हतं. मी मार्चच्या मध्यापर्यंत वाट पाहिली. कशाची, ते सांगता येणार नाही. टंकलिखित तीन प्रकरणं खणात होती. कधी ती काढून वाचायची. चांगली झाली होती. रंग जुळवण्याच्या पद्धतीवरचं प्रकरण तर सरांनी जसंच्या तसं ठेवायला सांगितलं होतं. एकदा मी चौथ्या प्रकरणाचा कागद यंत्राला लावला, शीर्षक टाइप केलं, आणि तक्ता न देताच पुढचं वाक्य कसं होईल ते मनात जुळवून पाहिलं. ते सहज जुळलं. मी कागद काढून घेतला. सत्तावीस मार्चला नोंदणी सोडत असल्याचं पत्र दिलं. कारणाच्या रकान्यात 'वैयक्तिक' लिहिलं. कारकुनानं विचारलं, "लग्न ठरलं वाटतं?" मी नाही म्हटलं. त्यानं शिक्का मारला.

मेच्या शेवटच्या आठवड्यात सरांचा निरोप समारंभ झाला. मी हार आणायच्या कामात होते. त्यांनी माझ्याशी हात मिळवला आणि "पत्र लिही" म्हणाले. मी लिहिलं नाही. त्यांनीही लिहिलं नाही.

त्यानंतरच्या रविवारी मावशीकडे गेले. अंगणात मिरच्या वाळत होत्या आणि बायका मसाल्यासाठी देठं खुडत बसल्या होत्या. तेरेसा होती, शेवंतीही होती. शेवंती पुन्हा फिकट दिसत होती. गोळ्या बंद होऊन साडेपाच महिने झाले होते.

"काय गो," तेरेसा म्हणाली, "झाला काय बुक छापून? आमची नावा घातलीस का?"

"तिचा नाव घालू नको गे," शेवंती म्हणाली. "कोळसो म्हणान घाल."

सगळ्या हसल्या. मावशी हसली नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"सर रिटायर झाले," मी म्हटलं. "त्यामुळे राहिलं."

"आमच्यामुळं नाय ना?" मावशीनं विचारलं.

"नाही. ते म्हातारे झाले होते, त्यांना जमेना."

मावशीनं मान हलवली. तिला ते खरं वाटलं की नाही, मला कळलं नाही. निघताना ती आत गेली आणि कागदाची पुडी घेऊन आली. "बरणी धुवायला काढली तवा मिळाल्या. शेवटच्या खेपेला तीन बायका माहेरी गेल्या होत्या, त्यांच्या बाटल्या मी भरल्याच नाय. रिकाम्या ठेवल्या, तू रागावशील म्हणून. त्यातल्या बऱ्याचशा मागनं शेवंतीला दिल्या. ह्या उरल्या. तुझं सामान हाय."

सतरा गोळ्या होत्या. सगळ्या तपकिरी, सारख्या.

सोमवारी टेबलावरचे नमुने संपल्यावर मी सतरा परीक्षानळ्या मांडल्या. प्रत्येकीत एक गोळी कुटून घातली, सौम्य आम्ल घातलं, आणि पोटॅशियम फेरीसायनाइडचा एकेक थेंब सोडला. लोह असेल तर गडद निळं होतं. अकरा निळ्या झाल्या. सहा पिवळट राहिल्या.

अकरा आणि सहा. बरणीत निम्म्या निम्म्या होत्या, तेव्हा सतरांमध्ये असा फरक सहज येऊ शकतो. यावरून काही सिद्ध होत नाही. लिहायला वहीही नव्हती, ती मी विभागात जमा केली होती. नळ्या धुऊन उलट्या घातल्या. तोवर खालून दुपारच्या नमुन्यांची पेटी आली होती.